अक्काच्या गाडग्यातली साके

कोल्हापुरात खोली शोधत हिंडत होते तेव्हा प्रत्येक घरमालक मला तेच ते विचारायचा. लग्न झालंय का, मटण करता का, रात्री किती वाजता घरी येता. मी नाशिकहून बदली होऊन आलेली, बँकेतली एकटी बाई. माझी उत्तरं कुणालाच आवडत नव्हती. मंगळवार पेठेतल्या एका घरमालकांनी मात्र मला दारातच उभं करून विचारलं, "विरजण कुठलं लावता?"

मला प्रश्नच कळेना. म्हटलं, मी दही पिशवीतलं आणते.

"पिशवीतलं!" ते मागं वळून घरात ओरडले. "अक्का, पिशवीतलं दही खातीया ही!"

आतून खणखणीत आवाज आला. "मग तिला आधी जेवायला बसव. खोलीचं मागनं बघू."

अशी मला माडीवरची खोली मिळाली. ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे ते हे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघांनीही लग्न केलेलं नव्हतं. दिवसभर एकमेकांशी कचाकचा भांडायची, आणि भांडण थांबलं की घरात अशी शांतता व्हायची की मी काळजीने जिन्यावरून डोकावून बघायचे. बघावं तर दोघं समोरासमोर बसून शेंगा सोलत असायची.

काकांनी सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केली होती. उसाची मळी आंबवून तिथं मद्यार्क काढतात. मळी आंबते ती यीस्टमुळे, आणि ते यीस्ट जिवंत, जोमदार ठेवणं हे काकांचं काम. निवृत्त झाले तरी डोक्यातून यीस्ट गेलं नव्हतं. जगातल्या सगळ्या बऱ्यावाईटाचा उलगडा ते त्यावरूनच करायचे. शेजारचा मुलगा बारावीला नापास झाला तर म्हणाले, "आंबायला वेळच दिला न्हाई त्याला." मी एकदा आमच्या मॅनेजरच्या नावाने खडे फोडत घरी आले, तर काका शांतपणे म्हणाले, "माणूस वाईट न्हाई हो बाई त्यो. उतलाय. दोन दिवस झाकण काढून ठेवा, बसंल खाली." आणि खरोखर बसला, हे मला आजही कबूल करायला आवडत नाही.

एवढं असून हा माणूस दारूचा थेंब घेत नव्हता. माल तपासायचा तोही वासावर. तळहातावर चार थेंब घ्यायचे, दोन्ही हात चोळायचे, ओंजळ नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायचे. कारखान्यात म्हणे लोक पैजा लावायचे आणि काका ओंजळ हुंगून कुठल्या टाकीतला माल आहे ते सांगायचे. नवीन माणसाला वाटे, काकांच्या गळ्यात माळ असेल. माळबीळ काही नव्हती. गळ्यात अक्कांची शपथ होती.

त्यांचे वडील पिण्यापायी गेले. आई त्याच्या आधीच गेलेली. अक्कांनी शिवणकाम करून भावाला वाढवलं, शिकवलं, आणि शिकूनसवरून भाऊ लागला कुठं, तर दारूच्या कारखान्यात. नोकरी लागली त्या दिवशी अक्कांनी त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "दारू करायची तर कर. पर एक थेंब जिभंला लागला, तर माझं मेलेलं तोंड बघशील." एवढं बोलून त्या उठून ताटं वाढायला गेल्या, असं काका सांगायचे.

लहानपणी आपण असल्या शपथा घालायचो आणि मग समोरचा "सुटली म्हण, सुटली म्हण" करत आपल्या मागं लागायचा. ज्याने घातली त्यानेच "सुटली" म्हणायचं असतं, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. काका सगळी नोकरी अक्कांच्या मागं लागले होते. चव घेऊन थुंकून टाकतो, असंसुद्धा म्हणून बघितलं. अक्का कधी "सुटली" म्हणाल्या नाहीत.

घरात एकच फ्रिज होता आणि त्यात सीमाप्रश्न पेटलेला होता. वरचे कप्पे अक्कांचे, सगळ्यात खालचा काकांचा. काकांच्या कप्प्यात काचेच्या नळ्या ओळीने लावलेल्या. प्रत्येक नळीत कुठून कुठून धरून आणलेलं यीस्ट. जोतिबाच्या दवण्यावरचं, नृसिंहवाडीहून आणलेल्या कवठाच्या सालीवरचं, गुऱ्हाळातल्या काहिलीच्या कडेचं. कुणाच्या घरी गेले की त्यांचं लक्ष माणसांकडे नसायचं, आंब्याच्या आढीकडे नाहीतर लोणच्याच्या बरणीकडे असायचं. लोक त्यांच्यासमोर बरण्या झाकून ठेवायचे.

काकांच्या नळ्यांच्या बरोबर डोक्यावर, वरच्या कप्प्यात, अक्कांचं गाडगं. त्यात आंबोळीचं पीठ. गाडगं कधी पूर्ण रिकामं व्हायचं नाही. तळाशी वाटीभर जुनं पीठ राखायचं, त्यातच तांदूळ, उडीद आणि मेथी वाटून घातलेलं नवं पीठ मिसळायचं. आंबवायला बाहेर काढायचं, आंबोळ्या झाल्या की परत फ्रिजमध्ये. गाडगं घासायचं नाही, नुसत्या कडा ओल्या फडक्याने पुसायच्या. ही त्यांच्या आईची रीत, आणि आईच्या वेळचंच ते पीठ, वाटीवाटीने पुढं आलेलं.

रविवारी सकाळी त्या मला खालून हाक मारायच्या, "ए बँकवाली, ये की खाली! मी तवा ठेवलो!" कोल्हापूरच्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात याची मला तोवर सवय झाली होती. त्या आंबोळीविषयी काय सांगू? पहिला घास साधाच लागायचा. दुसराही साधा. गिळून झालं, पाणी प्यायचं म्हणून हात पुढं केला की जिभेच्या मागून एक आंबटपणा हळूच वर यायचा आणि पुढचा घास घ्यावाच लागायचा. मी चार वर्षं त्या आंबोळ्या खाल्ल्या आणि आईने फोनवर विचारलं तर मला तिला नीट सांगता यायचं नाही.

काका खाताना दर रविवारी तेच म्हणायचे. "अक्का, चमचाभर दे की. नळीत ठिवतो. मग कवाच मरणार न्हाई."

"मला न्हाई अमर व्हायचं. खा आणि गप बस."

"तुला कोण म्हणालंय? पिठातल्या यीस्टचं म्हणालोय."

"तेच त्ये. तुझं किडं आणि माझं पीठ येका जागी नगं. उद्या दारूत घालशील. माझ्या हातचं पीठ दारूला जाणार न्हाई, सांगून ठिवतो."

काकांनी ते मानलं. मला याचंच नवल वाटतं. परक्याच्या बरणीत बोट घालणाऱ्या या माणसाने स्वतःच्या घरातल्या गाडग्याला कधी हात लावला नाही.

अक्का तापाने गेल्या. दवाखान्यात नेलं, दोन दिवस बऱ्याही वाटल्या, मला म्हणाल्या, "काकाला जेवलास का म्हणून इचार." मग गेल्या.

दहाव्याला पुरुषमाणसं पंचगंगेच्या घाटावर गेली होती. मी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी येत होते, तर गल्लीच्या तोंडाशी काका पळताना दिसले. डोक्याचं मुंडण, ओलं धोतर, पायात काही नाही. मला बघून ओरडले, "बाई, घंटागाडी बघितलीसा?"

मी काही न विचारता स्कूटर वळवली आणि त्यांना मागं बसवलं. रस्त्यात कळलं ते असं. सुतकात घरातली मातीची भांडी ठेवायची नसतात. भावकीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे घर धुऊन काढलं, माठ फोडला आणि फ्रिज उघडून अक्कांचं गाडगंही फोडलं. खापरं कचऱ्याच्या गाडीत गेली. त्यांचं काय चुकलं? त्यांच्या दृष्टीने ते मेलेल्या बाईचं शिळं पीठ होतं.

घंटागाडी आम्हाला दोन गल्ल्या पुढं सापडली. काका चढून कचऱ्यात उतरले. गाडीवरचा माणूस म्हणाला, "ओ पावणं, सोनं पडलंय व्हय त्यात?"

 काका देठं, केळीची सालं, हारातली फुलं यांच्यात हात घालत राहिले. शेवटी एक खापर हाताला लागलं. त्यांनी ते नाकाशी नेलं. वास येऊ नये म्हणून बायकांनी वरून फिनेल ओतलं होतं. काकांनी खापर होतं तिथं ठेवलं, खाली उतरले आणि म्हणाले, "मेलं."

बहीण गेली तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी बघितलं नव्हतं. ते त्या दिवशी रस्त्यावर बघितलं. स्कूटरवर मागं बसून ते माझ्या पाठीशी बोलत राहिले. "एवढी वर्षं माझ्या नळ्यांच्या डोक्यावर हुतं बगा. नुसता हात वर केला असता तरी पुरं हुतं. चोरायला पाहिजे हुतं वो. ती झोपल्यावर चोरायला पाहिजे हुतं."

घरी येऊन त्यांनी तवा हुंगला, उलथनं हुंगलं, फ्रिजच्या कप्प्याची जाळी हुंगली. सगळं उकळत्या पाण्याने निघालं होतं.

त्यानंतर काका घरोघरी हिंडायला लागले. अक्कांनी कैक बायकांना वाटीवाटी पीठ दिलं होतं. त्यातल्या कुणाकडे तरी ते जिवंत असेल, या आशेवर खांद्याला बर्फाचा डबा अडकवून ते गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन उभे राहिले. बायका ओशाळायच्या. "कुठलं आता काका, डेअरीतनं तयार पीठ आणतो की." एकीने बरीच वर्षं सांभाळलं होतं, पण तिची सासू गेली तेव्हा गाडगं फोडलं. दुसरीचा सासरा गेला तेव्हा तेच झालं. तिसरीकडेही तेच. काका डबा घेऊन परत यायचे आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहायचे. ओट्याशी ते जातच नव्हते. दोन वेळा मी वरून ताट आणून द्यायचे, ते अर्धं तसंच राहायचं.

एका संध्याकाळी मी बँकेतून आले तर पायरीवरून ताडकन उठले. "बाई, आपण चुकीच्या घरात हिंडालोय! ह्या समद्या घरात कवा ना कवा कोण तरी मेलंय. माणूस गेलं की गाडगं गेलं. आईबा गेलं तवा अक्कानं वाटीभर लपवलंतं, म्हणून आमचं ऱ्हायलं. आता असं घर सांगा, जिथं माणूस गेल्यावर गाडगं फोडत न्हाईत."

मी विचार करत होते, तेवढ्यात त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. "शमा!"

शमा म्हणजे शेजारच्या मुसलमान पिंजाऱ्याची मुलगी. तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे पोरगी अक्कांच्या स्वयंपाकघरातच वाढली. लग्न होऊन कुरुंदवाडला गेली तेव्हा अक्कांनी तिच्याबरोबर पिठाचं गाडगं दिलं होतं, हे काकांना इतक्या वर्षांनी आठवलं.

पुढच्या सुट्टीला आम्ही कुरुंदवाडला गेलो. मी स्कूटर चालवत होते आणि काका मागं डबा पोटाशी धरून बसले होते. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलो की ते माझ्यावरच ओरडायचे. शमाने दार उघडलं, काकांचं मुंडण केलेलं डोकं बघितलं आणि दारातच हंबरडा फोडला. लेकीच्या बाळंतपणासाठी ती दूर होती, तिला अक्कांचं उशिरा कळलं होतं. काकांनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "पीठ हाय का गं?"

"हाय की काका. जाणार कुठं?"

तिने फ्रिजमधून स्टीलचा डबा काढला. गाडगं पुराच्या वर्षी वाहून गेलं होतं. "पाणी दारात आलं तवा पीठ ह्यात काढलं, आणि दागिनं आणि ह्यो डबा, दोनच घेऊन शाळंत गेलतो बगा. मालक म्हणत हुते, येडी का काय तू. अक्का म्हणाल्यात्या, हे मेलं तर मला तोंड दावू नगंस. मग काय करणार?"

काकांनी झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. बराच वेळ वर काढलंच नाही. मग विचारलं, "ह्यात आणि काय घालतीस?"

"सासूबाई नाचणी घालायच्या. मी बी घालतो थोडी."

"म्हंजे आता निम्मं तुझं झालं."

"झालं तर झालं की काका. मी बी अक्काचीच हाय न्हवं?"

काकांनी वाटीभर पीठ आपल्या बर्फाच्या डब्यात काढून घेतलं. तिने आम्हाला आंबोळ्या आणि लसणाची चटणी वाढली. आंबोळी चांगली होती, शमाच्या हातची होती. काका मुकाट्याने दोन खाऊन उठले. परत येताना म्हणाले, "गर्दी हाय त्यात. शमा हाय, तिची सासू हाय, कुरुंदवाडचं पाणी हाय. ह्या गर्दीत अक्का कुठंतरी हाय. मी तेवढीच शोधणार."

मी म्हटलं, पण शोधून करणार काय?

"साके," काका म्हणाले.

नोकरीत असताना कारखान्याने त्यांना एकदा शिकायला जपानला पाठवलं होतं. तिथली तांदळाची दारू, साके, त्यांनी जन्मभर मनात धरून ठेवली होती. अर्थात वासापुरती. तिथं एका म्हाताऱ्याने डोंगरातल्या कुठल्याशा फुलावरचं यीस्ट धरून साके केली होती. यांनी प्यायला नकार दिला म्हणून म्हातारा आधी रागावला. मग यांनी ओंजळीत घेऊन इतका वेळ हुंगली की त्याने त्यांच्यासमोर आख्खा पेला आणून ठेवला. "वास फुलाचा न्हवता बाई. त्यो डोंगर हुता, जिथं त्ये फूल उगवलंतं." ही गोष्ट मी पुष्कळदा ऐकली होती. काकांचं म्हणणं असं, की मळीत यीस्टचा आवाज दबतो आणि आंबोळीत तव्यावर जळून जातो. साकेत नुसता तांदूळ आणि पाणी. तिथं यीस्टला लपायला जागा नसते.

पिठातून त्यांनी तीन वेगवेगळी यीस्ट निवडली, तीन नळ्यांत वाढवली. तांदूळ आजऱ्याचा घनसाळ. साकेला तांदूळ फार घासावा लागतो. ते गिरणीवाल्याकडे पुन्हा पुन्हा तोच तांदूळ घेऊन जायला लागले, तेव्हा तो वैतागला. "काका, ही तांदळाची गिरण हाय का सोनाराचं दुकान?" तांदळावर आधी त्याची साखर करणारी कोजी नावाची बुरशी वाढवावी लागते. ती जपानच्या जुन्या ओळखीतून टपालाने मागवली आणि उबेला ठेवायला अक्कांची वाकळ घेतली. अक्कांच्या लुगड्यांची शिवलेली ती जाड गोधडी परातीवर पांघरून हा माणूस शेजारी बसून असायचा, आणि मधूनमधून आत हात घालून ताप बघायचा.

घरात परवान्याशिवाय दारू करणं गुन्हा आहे, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. खिडक्या बंद असायच्या. तरी शेजारच्या बाईंनी विचारलंच, "काका, कसला ओ वास येतोय?"

"आंबोळीचं पीठ हाय," काका म्हणाले. खोटं तरी कुठं होतं!

मी एकदा त्यांना टोचलं. म्हटलं, अक्का म्हणाल्या होत्या की माझ्या हातचं पीठ दारूला जाणार नाही. तुम्ही नेमकं तेच करताय.

काका परातीवरची वाकळ सारखी करत म्हणाले, "व्हय की. राग यील तिला. शिव्या घालायला तर यील."

मी वर खोलीत जाऊन रडले.

आता मी पुण्यात असते. इथल्या हॉटेलांत साके मिळते, छोट्या पांढऱ्या कुपीत आणून देतात. कार्यालयातल्या मंडळींबरोबर एकदा समोर आली होती. पोऱ्या यीस्टविषयी पाठ केलेलं काहीतरी सांगत होता. मला त्याचा राग आला, आणि मग स्वतःचाच आला. काका गेले ते मी बदली होऊन इकडे आल्यावर. मला चार दिवसांनी कळलं. घर भावकीतल्या पुतण्याने घेतलं, फ्रिज भंगारात गेला. शमा अधूनमधून फोन करते. "बाई, आंबोळ्या करालोय, येतासा का?" म्हणते, जसं काही मी पलीकडच्या गल्लीत राहते. मला जावंसं वाटतं. पण खरं सांगायचं तर मला कुरुंदवाडला नाही, त्या पायरीवर जाऊन बसायचं असतं, आणि तिथं आता मला कुणी ओळखत नाही. तीन यीस्टच्या साकेच्या तीन बाटल्या काकांनी उघडल्या तो रविवार मात्र मनातून जात नाही.

सकाळची वेळ होती. काकांनी मला खाली बोलावलं, अगदी अक्का हाक मारायच्या त्या वेळेला. पाटावर तीन काचेच्या बाटल्या, तीन वाट्या आणि पाण्याचा तांब्या. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी जन्मात दोनदा वाइनचा घोट घेतलेली बाई. हे काम मला जमणार नाही असं मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं. "पिणाऱ्याची जीभ काय उपयोगाची? कोरी जीभ पाहिजे. आणि अक्काची आंबोळी माहीत असल्याली जीभ पाहिजे. अशी जगात तुमचीच हाय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "येक करा बाई. मला बरं वाटावं म्हणून काय सांगू नगासा. नसंल तर नसंल. आज कळलं तर बरं, म्हंजे मी शोधायचं थांबवीन."

काका माझ्याकडे बघत होते. एखाद्याची बहीण उरली आहे की नाही, हे मी सांगायचं होतं.

पहिली वाटी घेतली. पिकल्या केळ्याचा वास, गोडसर. मी तसं सांगितलं. काका लगेच म्हणाले, "ती न्हवं. अक्का गोड न्हवती." आणि बाटली बाजूला केली.

दुसरी पातळ, उग्र, घशात जाळ करणारी. मला ठसकाच लागला. काकांनी पाणी दिलं. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं.

तिसरी वाटी मी उचलली तेव्हा ते माझ्याकडे बघायचे थांबले. भिंतीकडे तोंड करून बसले.

मी घोट घेतला. काहीच लागलं नाही. भाताच्या पेजेवरचं निवळ पाणी असावं तसं. दुसरा घोट घेतला, तेही तसंच.  आता या माणसाला काय सांगायचं, म्हणून मी वाटी खाली ठेवली आणि तांब्याकडे हात केला. आणि तेव्हा जिभेच्या मागून तो आंबटपणा वर आला. सावकाश, आपल्या सवडीने. त्याच्यामागं मेथीचा वाटावा असा एक किंचित कडूपणा, जो तिथं असायचं काही कारण नव्हतं. माझा हात तांब्याशी तसाच राहिला. अक्का "ए बँकवाली" म्हणून आता मागून बोलतील असं मला वाटलं. मी खरंच मागं वळून बघितलं.

माझी चाहूल लागून काकाही भिंतीकडून वळले. "बोला की वो!" ते ओरडले.

"आहेत," मी म्हटलं. "काका, आहेत."

ते उठले, परत बसले. थोडी ओंजळीत घेतली, हात चोळले, नाकाशी नेले. डोळे मिटून खूप वेळ हुंगत राहिले. मग ओल्या आवाजात म्हणाले, "वासात न्हाई ती. वासात नुसता तांदूळ हाय."

"चवीत आहेत. गिळल्यावर येतात."

मी माझ्या वाटीत उरलेली त्यांच्यापुढं सरकवली. म्हटलं, काका, एक घोट घ्या. आता कोण विचारणार आहे?

"कोण न्हाई," काका म्हणाले. "म्हणून तर. असती तर भांडून पिलो असतो." वाटीच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, पण उचलली नाही. "मेलेलं तोंड बघशील म्हणालीती. न पिताच बघितलं. तरी सुटत न्हाई बगा. सुटली म्हणायला ती पाहिजे की."

 बाहेर दूधवाला ओरडून गेला. काकांनी मांडी बदलली, पाठ ताठ केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पंगतीत वाढायची वाट बघत बसावं तसे.

"तुम्ही प्या," ते म्हणाले, "आणि मला सांगा. पयल्यापासनं सांगा. गडबड करू नगासा."

मी घोट घेतला आणि सांगायला लागले. आधी काहीच नाही, नुसतं गार. मग जिभेवरून खाली गेलं. आता गिळलं. आता थांबायचं. अजून नाही. आता मागून येतंय बघा, काका, आता आलं.

मी सांगत होते, आणि समोर डोळे मिटून बसलेल्या काकांच्या गळ्याचा कंठमणी खालीवर होत होता.